पुठ्ठ्यावरचा डाग

२ तारीख, मंगळवार

दादा येतोय. चोवीस तारखेला, वहिनीसकट, दोन आठवड्यांसाठी. सकाळी नऊला फोन आला, आणि संध्याकाळचे सहा वाजले तरी माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही.

तसं घाबरण्यासारखं तो काही बोलला नाही. "बारक्या, गाडी चालू आहे ना?" म्हणाला. मी म्हटलं, चालू म्हणजे काय, पळते! "मग सव्वीसला धरणावर जाऊ. बाबा न्यायचे तसं. तू चालव, मी बाजूला बसतो." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "गाडीचं पुढे काय करायचं तेही एकदा ठरवून टाकू."

ठरवून टाकू! अकरा वर्षांनी येणारा माणूस काय ठरवायला येतो हे न कळायला मी काही कुकुल्लं बाळ नाही. आणि "तू चालव" तर त्याहून वाईट. दादाने जन्मात कुणाच्या हातात त्या गाडीचं स्टिअरिंग दिलेलं नाही. शेवटी शेवटी तर बाबांनाही बाजूला बसवायचा. म्हणजे ही परीक्षा आहे. बाजूला बसून माझ्या हातांकडे बघणार, आणि मग ठरवणार की गाडी माझ्याकडे राहू द्यायची की न्यायची.

गाडी बाबांनी भंगारातून आणली होती. बावीस वर्षं ती माझ्याकडे आहे, पण कागदांवर नाव अजून दादाचं. दोन माणसांची, उघड्या टपाची, गडद हिरवी, तारांच्या चाकांची स्पोर्ट्स कार. बाबा आणि दादा तीन वर्षं तिच्यात डोकं घालून होते. मी विजेरी धरायचो, आणि दादाच्या मते तीही भलतीकडेच. एकोणिसाव्या वर्षी मला इंजिनचं तेल बदलायला दिलं, तर मी खालचा बोल्ट नुसता हाताने आवळून ठेवला. धरणाच्या चढावर सगळं तेल रस्त्यावर. बाबा काही बोलले नाहीत. दादा मात्र सगळ्यांसमोर बोलला, "याच्या हातात काही टिकत नाही. सगळं गळतं." पुढे मला नोकरी लागली ती पाणीपुरवठा खात्यात, गळती शोधायच्या विभागात. एकतीस वर्षं रस्त्यांना सळई लावून, कान लावून मी लोकांच्या गळत्या शोधतोय. ऑफिसात मला गळतीसाहेब म्हणतात. दादाला हे सांगितलं तेव्हा तो फक्त हसला होता.

फोननंतर गाडीखाली पाहिलं. गाडीखाली मी कायम एक पुठ्ठा अंथरून ठेवतो. त्यावर बशीएवढा डाग. मागच्या रविवारी तो बाटलीच्या झाकणाएवढा होता.

३ तारीख, बुधवार

हाफ डे टाकला. डाग गिअरबॉक्सच्या खालीच आहे, इंजिनचा नाही. आमच्या खात्यात म्हणतात, ओल दिसते तिथे गळती नसते. तेव्हा आधी नेमकी जागा शोधायची. सीटांमधलं आच्छादन काढून सगळा गिअरबॉक्स रॉकेलने पुसून कोरडा केला आणि वरून टाल्कम पावडर फवारली. तेल जिथून येईल तिथे पावडर ओली होणार.

"माझा अख्खा डबा?" ही म्हणाली.

"शास्त्रीय पद्धत आहे."

"मला न विचारता घेतलेल्या वस्तूला शास्त्र म्हणतात होय!"

गाडी तीन किलोमीटर फिरवून आणली. पावडर दोन ठिकाणी ओली झाली होती. एक, मागच्या टोकाला, जिथून चाकांकडे जाणारा दांडा निघतो. तिथलं तेल अडवणारं रबरी सील झिजलेलं असणार. दुसरी जागा वरच्या झाकणावर, एका कडेला. तिथे काडेपेटीच्या काडीएवढं एक भोक आहे. स्क्रू पडून गेला असेल. त्याच्याभोवती तेलाची पातळ ओल होती.

म्हणजे एक नाही, दोन गळत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

६ तारीख, शनिवार

मिस्त्रींकडे गेलो. बाबांच्या वेळचा हा एकच माणूस उरलाय ज्याला ही गाडी कळते. गुडघे गेल्यामुळे ते आता खुर्चीतूनच गॅरेज चालवतात.

"या पाणीवाले! आज तेलाकडे कसे वळलात?"

सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मागचं सील बदला. दांडा सोडवा, सील काढा, नवीन ठोका, एका दिवसाचं काम. बाकी कशाला हात लावू नका. तेल किती भरता?"

मी म्हटलं तेल मापायच्या पट्टीवरच्या खुणेच्या वर एक बोट. दर रविवारी बघतो आणि थोडं टाकतो, कोरडी पडायला नको.

"एक बोट वर कशाला?"

"असू दे म्हणून."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पण तेवढ्यात कुणीतरी गाडी घेऊन आलं. निघताना म्हणाले, "जुन्या गाडीखाली एखादा थेंब दिसणारच. थेंब दिसायचा बंद झाला की मग काळजी करा." त्यांना काय जातंय म्हणायला? चोवीसला त्यांचा भाऊ येत नाहीये.

भोकाचं विचारायचं राहिलंच.

९ तारीख, मंगळवार

रजा टाकली आणि काम केलं. मी केलं! दांडा सोडवला, जुनं सील काढलं तर ते पापडासारखं तुटून हातात आलं. नवीन सीलला तेलाचं बोट लावून, लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू बसवलं. बोल्ट तीनतीनदा आवळले. एकोणिसाव्या वर्षाचं पाप फिटलं असं वाटलं.

मग वरचं भोक. उघडं भोक दिसलं की मला चैन पडत नाही, हा धंद्याचाच दोष म्हणा. एक छोटा स्क्रू घेतला, त्याला नळवाल्यांची पांढरी टेप गुंडाळली, भोकात पिळून बसवला, आणि वर लांबी, म्हणजे रंगारी भरतात ती पुट्टी, थापून पॉलिश पेपरने साफ केलं. असं काम की तिथे कधी भोक होतं हे सांगूनही कुणाला पटणार नाही.

फोटो काढून दादाला पाठवले. नव्या सीलचा एक, आणि वरच्या झाकणाचा एक. दुसऱ्यावर लाल गोल करून बाणसुद्धा काढला, म्हणजे काय केलं ते त्याला कळावं.

१० तारीख, बुधवार

दिवसभर दादाचं उत्तर नाही. फोटो बघितल्याची खूण आली होती, पण उत्तर नाही. माझा जीव टांगणीला. चार वाजता शेवटी मीच फोन केला.

"फोटो पाहिलेस?"

"हो हो. छान."

"दुसरा पाहिलास? बाण काढलाय तो?"

"छान केलंयस रे. वहिनीपण म्हणाली, छान आहे."

छान! गिअरबॉक्सचा फोटो बघून दादा "छान" म्हणतो? हा तोच माणूस, ज्याने एकदा माझ्या सायकलच्या एका नटावर अर्धा तास भाषण दिलं होतं. चूक असती तर झोडपलं असतं, बरोबर असतं तर एखादा तरी प्रश्न विचारला असता. "छान" म्हणजे त्याच्या लेखी विषय संपलाय. मन आधीच ठरलंय त्याचं.

मी म्हटलं, एकदा व्हिडिओ कॉल कर, गाडी दाखवतो. तर म्हणाला, "आलो की बघूच ना." आणि एकदम विचारलं, "रंग तोच आहे ना रे? हिरवा?" पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यात गाडीचं दार स्पष्ट दिसतंय. बघितलेसुद्धा नसतील नीट.

पुठ्ठा कोरडा. एवढीच काय ती चांगली बातमी.

१३ तारीख, शनिवार

देवा! आगीतून फुफाट्यात.

तीन दिवस पुठ्ठा कोरडा होता म्हणून आज पन्नास किलोमीटरची फेरी काढली, टेकडीच्या रस्त्याने. पहिले वीस किलोमीटर झकास. मग चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र पुढे सरकेना. क्लच घसरत होता. खालून जळका वास. कडेला घेऊन वाकून पाहिलं तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून तेलाची धार लागलेली. धार! थेंब नाही. म्हणजे आता पुढचं सील गेलं, जे इतकी वर्षं कधी गळलंच नव्हतं, आणि तेल थेट क्लचवर. मागचं नवीन सीलसुद्धा ओलं.

टेम्पोने ओढून आणली. शेजारचे दारात उभे राहून बघत होते. एकाने विचारलं, "गळतीसाहेब, मोठी लाइन फुटली वाटतं?" मी हसलो. काय करणार, आपलेच दात आपलेच ओठ.

१४ तारीख, रविवार

दहा दिवस. पुढच्या सीलसाठी अख्खा गिअरबॉक्स बाहेर काढावा लागतो. या गाडीत तो खालून नाही, आतून निघतो. आधी दोन्ही सीटा काढायच्या, मधलं आच्छादन काढायचं, आणि मग तो उचलून दरवाज्यातून बाहेर.

सकाळपासून त्यातच होतो. ही चहा घेऊन आली तेव्हा मी गाडीत आडवा, पाय बाहेर.

"त्यांना सांगा ना फोन करून, की बिघडलीय. भाऊ आहेत तुमचे, साहेब नाहीत."

"तुला नाही कळायचं."

"मला पुष्कळ कळतं," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "फोटोबिटो पाठवत बसू नका त्यांना. बोला. फोनवर नुसतं बोला."

हे तिचं काहीतरी नवीनच. मघाशी वहिनींशी फोनवर तासभर बोलत होती आणि बाहेर आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली कांदा चिरत होते. स्वयंपाकघरात कांद्याचं सालसुद्धा नव्हतं. माझ्या मागे दोघींचं काहीतरी शिजतंय. बहुतेक गाडी कोण नेणार हे हिला आधीच कळलंय आणि मला सांगवत नाही.

१७ तारीख, बुधवार

गिअरबॉक्स बाहेर. ऑफिसातले दोघे आले होते उचलायला. दिसायला एवढंसं, पण अंगठा सापडला असता तर गेलाच होता. आता तो हॉलमध्ये जुन्या चादरीवर ठेवलाय. ही त्याला "पाहुणे" म्हणते. "पाहुण्यांना जरा बाजूला सारा, केर काढायचाय."

पुढचं सील चांगलं होतं! फाटलेलं नाही, झिजलेलं नाही, नुसतं जागेवरून बाहेर ढकलल्यासारखं सरकलेलं. हे कसं होईल? कोण ढकलणार आतून? मिस्त्रींना फोन केला तर त्यांच्या सुनेने उचलला, ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आहेत, आठवडाभर बोलता येणार नाही. दुष्काळात तेरावा महिना.

नवीन सील बसवलं. मागचंही पुन्हा बदललं. जोडांमधल्या सगळ्या गॅस्केटी बदलल्या. वरच्या झाकणाच्या लांबीवर आणखी एक हात दिला, उगाच शंका नको.

२० तारीख, शनिवार

गाडी जोडली. तेल भरलं, खुणेच्या वर एक बोट. आज दोन बोटं, खरं सांगायचं तर. एवढी धार लागली होती, जरा साठा असावा.

गावात पाच किलोमीटर फिरवली. कोरडी.

पण मला आता तिच्या कोरडेपणावर विश्वास उरलेला नाही.

२२ तारीख, सोमवार

विश्वास नव्हता तेच खरं. आज तीस किलोमीटर. घरी आलो तेव्हा पुढूनही तेल, मागूनही तेल. क्लच अजून धरतोय, पण धरणापर्यंतचा चढ झेपणार नाही. जाऊन येऊन एकशे दहा किलोमीटर. वाटेत गिअरबॉक्स कोरडा पडला तर आतले दाते एकमेकांना खाऊन टाकतील. तेही दादा बाजूला बसलेला असताना, त्याच चढावर. मी पायरीवर बसलो आणि खरंच रडलो. छप्पन्न वर्षांचा घोडा मी, पण रडलो. गाडी गेली तर जाऊ दे, असंही मनात आलं. पण मग बाबांचं माझ्याकडे काय उरलं? दादाला बाबांबरोबरची ती तीन वर्षं मिळाली. मला विजेरी मिळाली.

दुपारी दादाचाच फोन. खोटं बोलणार होतो की गाडी रंगाला दिलीय. पण त्याने आधीच म्हटलं, "बारक्या, तिचा आवाज ऐकव ना."

आता नाही कसं म्हणणार? गाडी गरमच होती. चालू केली आणि फोन गिअरच्या दांड्याजवळ धरला.

मग तो म्हणाला, "बंद कर. आता ऐकव."

बंद केल्यावर काय ऐकवणार? तरी धरला. आतून बारीकशी कुईऽ येत होती, कुकरची शिटी दाबून धरल्यासारखी.

"घुसमटलीय रे ती," दादा म्हणाला.

घुसमटलीय! सरळ सांग की तुझ्याकडे राहून तिची घुसमट होतेय. एवढा टोमणा कशाला? मी "बरं" म्हटलं आणि ठेवून दिला.

२४ तारीख, बुधवार

आले. सगळं माझ्या भीतीपेक्षा वाईट.

दादा म्हातारा झालाय. काळा चष्मा, आणि चालताना वहिनींचा दंड धरलेला. मी पाया पडायला वाकलो तर त्याचा हात आशीर्वादाला माझ्या डोक्याच्या बाजूने हवेतच गेला. मग बोलायला लागला तो माझ्या कानाकडे बघून. माझ्या तोंडाकडे एकदाही नाही! हॉलमध्ये येताना टीपॉयला धडकला आणि म्हणाला, "हे इथे कधी आलं?" ते तिथे बाबांपासून आहे. जेवताना हिने ताट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "भाजी उजवीकडे आहे, भावजी." जसं काही तो पहिल्यांदाच ताटावर बसलाय. ही पण ना, कुणाला काय सांगावं याचं तिला भान नाही.

गाडी बघायला चल म्हटलं नाही. त्यानेही म्हटलं नाही. गेटातून आत येताना गाडी तिथेच उभी होती, वरचं कापड काढून, पुसून. तिच्या बाजूने तो सरळ पुढे गेला. बघितलंसुद्धा नाही.

झोपायला जाताना वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, त्यांना जरा वेळ द्या." म्हणजे राग केवढा असेल बघा.

२५ तारीख, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी सातला मी गाडीत. सीटा परत काढलेल्या, मधलं आच्छादन काढलेलं. एक शेवटचा प्रयत्न. तेवढ्यात दादा आला, एकटाच, भिंतीला हात लावत लावत. गाडीशी आला तसा त्याने हात पुढे केला आणि दाराच्या कडेवरून फिरवला, मग डिकीवरून, मग टपाच्या घडीवरून. आपल्या जुन्या बैलाच्या पाठीवरून माणूस फिरवतो तसा.

"बारक्या, आहेस ना?"

मी त्याच्या समोर दोन हातांवर होतो. म्हटलं, "आहे."

"गळतेय ना अजून? परवा आवाजावरूनच कळलं. सरक."

तो गाडीत येऊन सीटच्या जागी खालीच बसला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही हात गिअरबॉक्सवर ठेवले. बघत होता समोरच्या भिंतीकडे. बोटं मात्र चालत होती. मागचं टोक, कडेचे बोल्ट, एकेक मोजत. "हे चांगलं बसवलंयस," म्हणाला. मग पट्टी काढून बोटाने तेलाची रेघ चाचपली. "एवढं? हिला आंघोळ घालतोस काय? मानेपर्यंत भरलंस तर उडणारच." मग बोटं वरच्या झाकणावर आली, कडेने फिरली, आणि थांबली. पुन्हा फिरली. लांबीवर नख घासलं.

"इथे भोक होतं."

"हो. तिथूनपण गळत होतं. बुजवलं."

"बुजवलंस?"

"स्क्रू घालून. वर लांबी."

दादा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. "अरे गाढवा, ते तिचं नाक आहे! गरम झाली की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. तू नाक दाबलंस. मग हवा जाणार कुठून? सील ढकलूनच जाणार. बाबांनी माझं बोट धरून मला ते भोक दाखवलं होतं."

आणि मी एकतीस वर्षं नळाच्या मोठ्या लाइनींवर हवा सोडायचे व्हॉल्व्ह बसवतोय! शेकडो! नाही बसवले तर पाइप फुटतो, हे नवीन पोरांना शिकवतोय. कपाळावर हात मारून घेतला. पण नुसतं कपाळ बडवून राग जाईना, मग मी त्याच्यावर उखडलो.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? फोटो पाठवला होता ना तुला! लाल गोल करून, बाण काढून! तू म्हणालास छान!"

दादा हसायचा थांबला. त्याचा हात अजून त्या भोकावरच होता.

"फोटो तुझ्या वहिनीने पाहिला," तो म्हणाला. "ती म्हणाली, काम स्वच्छ केलंय. मी म्हटलं छान."

"आणि तू?"

"मला दीड वर्ष झालं, मधलं काही दिसत नाही. कडेचं दिसतं, धुरकट. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं. तरी नीट नाहीच दिसत."

कानाकडे बघून बोलतो. टीपॉय. हवेतला हात. कांदे. रंग तोच आहे ना रे. सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पाना उचलून नुसताच पुसत बसलो. तीन आठवडे मी त्याच्या गप्प राहण्यातून रागच काढत होतो. ओल दिसते तिथे गळती नसते, म्हणे! मोठा आलाय गळतीसाहेब.

"सांगितलं का नाहीस?"

"तू असा गप्प बसशील म्हणून," दादा म्हणाला. "स्क्रू काढ आता. विजेरी हवी तर मी धरतो."

आणि धरली त्याने. भलतीकडेच. आम्ही दोघं इतके हसलो की ही आणि वहिनी धावत बाहेर आल्या.

लांबी खरवडली, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून तिला गरम केली, मग स्क्रू पिळून काढला. फस्सऽ करून हवा बाहेर पडली. दादा म्हणाला, "ऐकलंस? आता झोप लागेल तिला." भोक स्वच्छ केलं, तेल खुणेपर्यंत उतरवलं, ऑफिसातल्या दोघांना पुन्हा बोलावून गिअरबॉक्स बाहेर काढला, सरकलेली सीलं संध्याकाळपर्यंत दादाने आणि मी मिळून पुन्हा बसवली, क्लच धुऊन काढला. आच्छादन लावताना मी एका बोल्टला चौथ्यांदा पाना लावला तर तो म्हणाला, "पुरे. धरलाय तो. मी ऐकलं."

२६ तारीख, शुक्रवार

धरणावर जाऊन आलो.

मी चालवली, दादा बाजूला. माझी ऑफिसची ऐकायची सळई त्याने मागून घेतली होती. तिचं एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं कानाला. सगळा रस्ता तो मला सांगत होता, "आता तिसरा... थांब, थांब, हं, आता. घाई करू नकोस, ती सांगते." आणि मी त्याला सांगत होतो, डावीकडे दगडाची खाण आहे, तिथे आता पत्र्याची शेड झालीय. पूल रुंद केलाय. तुझं चिंचेचं झाड आहे अजून, अर्धं वाळलंय. मला भीती होती की मी चुकीचं सांगेन, महत्त्वाचं सोडून भलतंच सांगेन. तो म्हणाला, "सांग रे काहीही. भलतंच सांग."

त्या चढावर आलो. तिथेच माझ्या हातून सगळं तेल सांडलं होतं. दादालाही आठवलं असणार, कारण चढ लागल्यावर त्याने सळई खाली ठेवली. गिअरच्या दांड्यावर माझा हात होता, त्याच्यावर त्याने आपला हात ठेवला. दाबला नाही, ढकलला नाही, नुसता ठेवला. दुसरा गिअर मीच टाकला.

वर गेल्यावर भिंतीवर बसलो. पाणी अर्धंच होतं. त्याने खिशातून गाडीची कागदपत्रं काढली, घडी पडून पडून मऊ झालेली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुझ्या नावावर करायची. आधीच करायला हवी होती. मला वाटायचं मी परत येऊन चालवीन." मग म्हणाला, "तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो ते बोलायला नको होतं. तुझ्या हातात टिकली बघ ती. बावीस वर्षं."

मला रडू आलं. त्याला ते दिसलं नाही, पण कळलं. म्हणाला, "पाणीवाले, आवरा."

परत आल्यावर जेवून गाडीखाली वाकलो. पुठ्ठ्यावर तेलाचा एक थेंब होता, हरभऱ्याएवढा.

"किती?" दादाने ओट्यावरून विचारलं.

इतर कुणी विचारलं असतं तर मी 'काही नाही' म्हणालो असतो.

"एक," मी म्हटलं.

"मग बरी आहे," दादा म्हणाला, आणि हाताने चाचपत माझ्यासाठी ओट्यावर जागा करून दिली.